नवीन बाईनं पुढं बसायचं

न्हाई न्हाई, तिथं न्हाई माय — खांबाआड कावून बसतीस? हितं ये, पुढं, अशी माझ्या समोर, गुडघ्याला गुडघा लागंल इतकी जवळ. अगं ये गं, कुणी खात न्हाई तुला. नवीन बाईनं पुढंच बसायचं, आमच्या मंडळाचा नियमच हाय तसा. गाता येत न्हाई? मी विचारलं का तुला गाता येतं का म्हणून? शहादेवभाऊंची धाकटी सून ना तू, करिष्मा? तीन बेस्तरवार झाले बघतेय मी — पायरीवर टेकतीस, चपला बी काढत न्हाईस, आमची भैरवी सुरू झाली की पदर सावरून निघून जातीस. मी मनात म्हणलं, हिला आज धरायचंच. म्हणून तर लवकर आले. बाया अजून भांडी घासत असतील, तीन वाजल्याशिवाय कुणी यायचं न्हाई. तवर आपण दोघीच. महादेव हाय, पण तो कुणाला हसत न्हाई.

हा टाळ धर. असा न्हाई — दोरी बोटाला गुंडाळ, वाटी तळहातावर मोकळी राहू दे. आवळू नको, आवळला की मुका होतोय तो. आता एकीवर एक नुसती टेकव अन् सोड. टेकव अन् सोड. हां! बघ, वाजला का न्हाई? आणखी काय पाहिजे? पहिला अर्धा तास आमी काहीच अवघड घेत न्हाई. नुसतं देवाचं नाव, सावकाश, बैल घराकडं येतात तसं. भामाबाई पेटीवर बसती, ती पट्टी खाली घेती, म्हणजे कुणाच्याच गळ्याला ताण पडत न्हाई. तू तोंड हलीव नुसतं. तोंड बी हलवायचं न्हाई वाटलं तर नको हलवू. मंग ज्याला जे येतं ते त्यानं सांगायचं. परवा तुमच्याच आळीतल्या एकीला अभंग येत न्हवता, गवळण येत न्हवती, तिनं जात्यावरची ओवी म्हणली — आईकडची — आमी सगळ्यांनी तीच धरली मागं. पखवाज जरा गडबडला, पण धरली. चुकलं तर हसायचं न्हाई, च्यक करायचं न्हाई, कुणाच्या हातातला टाळ थांबवायचा न्हाई. चतुराबाईला तर दर खेपेला सगळ्यांच्या आधी समेवर जायची घाई असती — गाडी सुटल्यासारखी पळती म्हातारी — आमी तिच्या मागं पळतो. काय करतीस.

आधी? न्हाई गं, आधी असं न्हवतं. आधी हितं उभं राहायला बी बाया भ्यायच्या. मला भ्यायच्या. आता हसते मी, पण माझा दरारा होता लई. माझे सासरे भजनी, त्यांनी मला लग्नानंतर टाळ शिकवला, त्या काळात सुनेला टाळ शिकवणारा माणूस कुठं असतोय का? त्याचा मला माज होता, खरं सांगते. बायांचं मंडळ मी काढलं तेव्हा दोन ओळी करायचे — गाता येणाऱ्या पुढं, न येणाऱ्या मागं. मागच्यांनी नुसतं ऐकायचं. एखादी मधीच गायला लागली की मी मान बी न वळवता हात वर करायचे, असा, की ती गप्प. माजलगावला दसऱ्यानंतर स्पर्धा असायची महिला मंडळांची, अकरा बायांचा संघ, दोनदा दुसरा नंबर आलता आमचा. दोनदा! मला झोप लागायची न्हाई त्या दुसऱ्या नंबरापायी. आता ऐकून हसशील तू. हस.

वनमाला आली ती त्याच टायमाला. तुला ठाऊक नसंल, तू दोन साल झाले लगीन होऊन आलीस, ती त्याच्या आधीची. बजरंगची बायको. बजरंग — तो खालच्या आळीतला, मागल्या महिन्यात तुमच्या घरी पत्रे टाकायला आलता तो उंच माणूस — त्याची. दोघं नवराबायको दर साली दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, पाडव्याच्या आसपास माघारी यायचे. मंग सहा-सात महिने गावात. असंच आखाडात एक दिवशी आली, तुझ्यासारखीच पायरीवर बसली. काळीसावळी, हाडकुळी, कपाळावर हिरवं गोंदण, अन् डोळे — डोळे लई मोठे होते तिचे, सारखे माणसाच्या तोंडाकडं. बोललं की अशी बघायची जसं काही तू सोनं बोलतीस. मला आधी बरं वाटलं. वाटलं, किती मन लावून ऐकती ही.

पण टाळ हातात दिला अन् माझं डोकं फिरलं. कायम मागं. अर्धा ठेका मागं, दर वेळेला, एकदा बी चुकून बरोबर न्हाई. सगळ्यांचा वाजला की मंग हिचा वाजायचा — छन्, अन् मागून छन्. मी सांगितलं, हातानं दाखवलं, रागावले. ती हसायची अन् परत माझ्या हाताकडं बघत बसायची. एकदा म्हणली, "काकू, मला पुढं बसू द्या, तुमच्या समोर. तुमचे हात दिसले की जमतंय मला." मला राग आला. आजच आलेली बाई अन् पुढं बसायचं म्हणती! आमच्या भामाबाईला पुढं यायला चार साल लागले. मी तिला उचलून मागच्या ओळीत बसवलं, अगदी मागं, तू मघाशी बसत होतीस त्या खांबाआड. तिथून तिला माझे हात दिसत न्हवते. मंग तर तिचा टाळ कुठं बी पडायला लागला, वाट चुकल्यासारखा. बाया हसायला लागल्या. मी बी हसले.

अन् तरी यायची बरं का. दर बेस्तरवारी यायची. अंग धुवून, ते एकच चांगलं पातळ होतं तिचं, जांभळं, ते नेसून. झाडून घ्यायची देऊळ, तांबे घासायची, समई पुसायची. मला वाटलं पुढं बसायला मिळावं म्हणून करती. खरं म्हणजे तिला घरात करमत नसंल. लेकरूबाळ न्हवतं अजून. बाया जमतात तिथं आपण बी असावं, एवढंच.

स्पर्धेला पंधरा दिवस राहिले तेव्हा मी सगळ्यांच्या देखत सांगितलं. म्हणले, "वनमाला, आता स्पर्धा होईस्तोवर तू येऊ नको. तुझ्यामुळं लय बिघडती सगळ्यांची." अन् तिच्या हातातला टाळ काढून घेतला. तिनं दिला. आधी तांब्यातलं पाणी पिंडीवर घातलं, मंग गेली. नंबर? पहिला आला. ढाल हाय माझ्या कपाटात, एवढी मोठी. आता कपड्याखाली ठेवलीय.

दिवाळीनंतर गेले ते दोघं कारखान्याला. खाली, पार कर्नाटकाच्या हद्दीला. पौषात, संक्रांतीच्या चार दिवस आधी फोन आला गावात. सकाळचे दहा वाजलेले, लख्ख ऊन. तोडलेल्या उसाच्या मोळ्या भरायचं चाललं होतं. बजरंग ट्रॉलीवर चढून मोळ्या रचत होता, वनमाला खाली ट्रॉलीच्या मागं वाकून मोळी बांधत होती. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर मागं घेतला. सगळी टोळी ओरडली माय. वीस माणसं ओरडली. तिनं मान वर केली न्हाई. कशी करंल? तिला कुठं ऐकायला येत होतं.

हो. ऐकू येत न्हवतं तिला. तेच तर. डाव्या कानानं काहीच न्हाई, उजव्यानं कुणी कानाशी ओरडलं तरच. लहानपणी मोठा ताप आलता म्हणं, तवापासून हळूहळू गेलं. नवऱ्याला ठाऊक होतं, सासूला ठाऊक होतं, पण घराबाहेर सांगितलं न्हवतं — मुकादमाला कळलं की टोळीत घेत न्हाई, बहिरी बाई कुठं फडात न्यायची म्हणतोय. तर ती तोंडं बघून बोलणं ओळखायची. हात बघून टाळ वाजवायची. हात खाली आलेला बघायचा अन् मंग आपला खाली आणायचा — मंग अर्धा ठेका मागं पडणारच ना! आमाला कुणालाच ठाऊक न्हवतं. कुणाला कळणार? बोलायला चांगली होती, हसायला चांगली. तिला आणलं टेम्पोत घालून दुसऱ्या दिवशी, तेव्हा बजरंगनंच सांगितलं ओट्यावर बसून, सगळ्या गावासमोर. म्हणला, "आता झाकून काय करू, तिला ऐकायला येत न्हवतं." भामाबाईनं तोंडात पदर कोंबला. तिला आठवलं असंल हसलेलं.

तवापासून मी ओळी मोडल्या. आता गोल बसतो आमी, सगळ्यांचे हात सगळ्यांना दिसतात. नवीन बाई समोर. स्पर्धेला नाव देत न्हाई. दोन बाया रुसून दुसऱ्या मंडळात गेल्या, जाऊ दे. आधी आमी अकरा होतो अन् बाकीच्या भिंतीला. आता मोजत न्हाई कुणी. मागं एकदा एक बाई आली, तिच्या उजव्या हाताला बोटंच न्हाईत, कडबाकुट्टीत गेलेली. तिनं मनगटावर टाळ बांधून वाजवला. आवाज कसा येतो ते विचारू नको. पण वाजवला.

सतरंजी? व्हय, फरशी गार हाय, ठाऊक हाय मला. हाय की सतरंजी, मोठी, दोन घड्या करून तिकडं कोपऱ्यात. मी अंथरू देत न्हाई. भामाबाई दर बेस्तरवारी भांडती, गुडघे दुखतात म्हणून. पण फरशीवरच बसायचं. पखवाज वाजला ना, की फरशीतनं येतंय अंगात, खालून, हितं पोटापर्यंत. हात ठेवून बघ पखवाज लागल्यावर. ती म्हणायची तसं — "काकू, फरशीतनं येतंय मला, अन् टाळ धरला की हितं छातीत वाजतंय," — सतरंजी घातली की तिचं तेवढं बी बंद व्हायचं…

काय?

कधी म्हणली म्हणजे? म्हणली असंल एकदा. असंच. झाडताना.

तू बी लई बारीक ऐकतीस गं.

थांब. थांब जरा. पाणी दे तो तांब्या.

मला ठाऊक होतं. घे. झालं तुझं समाधान? मला ठाऊक होतं माय. तिनं मला सांगितलं होतं. मी टाळ काढून घेतला ना हातातून — त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली ती, मी हितंच बेल निवडत होते. कुणी न्हवतं. माझ्या समोर बसली, पार जवळ, माझं तोंड दिसंल अशी, अन् म्हणली, "काकू, मी मुद्दाम चुकत न्हाई. मला ऐकू येत न्हाई. कुणाला सांगू नका." अन् ते फरशीचं सांगितलं, छातीचं सांगितलं. आनंदानं सांगत होती गं, जसं काही लपवलेली वस्तू दाखवतीय. म्हणली, घरात सगळं मुकं असतंय, हितं आलं की वाजतंय. अन् मी — माझ्या मनात तेव्हा काय होतं सांगू? स्पर्धा होती. मी म्हणले, "ऐकायला येत न्हाई तर भजनाला कावून येतीस?"

कानानं न्हाई ऐकलं तिनं. माझ्या ओठावर वाचलं. बघतच राहिली ओठाकडं, आणखी काहीतरी येईल म्हणून. मी बेल निवडत राहिले.

न्हाई, मला खातंय ते बी न्हाई. ते तर नुसतं बोलणं झालं, बोलणं माणूस विसरतंय. त्याच आठवड्यात तलवाड्याला शिबिर होतं. कानाच्या डॉक्टरांचं, बाहेरून आलते, तपासून मशीन देत होते तिथल्या तिथं. भामाबाईला लई उरक असल्या कामाचा — तिनं रिक्षा ठरवली, चतुराबाईला घातलं, आणखी तीन म्हाताऱ्या घातल्या, अन् रिक्षा हितं आणून उभी केली, ह्या पायरीपाशी. चतुराबाईच्या शेजारी जागा होती. एक माणूस आरामात बसलं असतं. भामाबाईनं मला वरडून विचारलं, "सुभद्राबाई, आणखी कुणी हाय का गं कानाचं?"

मी म्हणले, न्हाई.

मी म्हणले न्हाई, अन् रिक्षा गेली. खालच्या आळीवरूनच जाती ती वाट, तिच्या दारावरून. चतुराबाईला मशीन मिळालं त्या दिवशी. आता ती सगळ्यांच्या आधी पळती ती त्या मशीनमुळं, ऐकू येतंय ह्याचं अजून नवल हाय तिला म्हणून.

कावून म्हणजे? मी तेच विचारते स्वतःला. वचन दिलं होतं कुणाला न सांगायचं, म्हणून? असं सांगितलं मी स्वतःला एक साल. वचन कसलं गं! मी हो सुद्धा म्हणले न्हवते तिला. खरं ते हे, की भामाबाईला कळलं असतं तर तिला दया आली असती. बाया मऊ असतात. म्हणल्या असत्या, बिचारीला पुढं घ्या, बिचारीला संघात घ्या, अन् स्पर्धेत माझ्या समोर ती बसली असती अर्धा ठेका मागं. मला पहिला नंबर पाहिजे होता. एवढंच होतं. त्याच्यापेक्षा मोठं काही न्हवतं, असतं तर बरं झालं असतं.

मशीन लावून ती गेली असती तर ट्रॅक्टर ऐकला असता का — ते मला ठाऊक न्हाई. तसलं मशीन फडात टिकतं का, धुळीत, घामात? नसंल बी टिकत. मी सतरांदा मांडून बघितलं. पण मी न्हाई म्हणले ना. ते तर ठाऊक हाय.

तेरावं झाल्यावर बजरंग आला हितं. भजन चालू होतं, तो बाहेर थांबला, संपल्यावर आत आला. बाया उठून गेल्या, त्याला माझ्याशीच बोलायचं होतं. खाली बसला. म्हणला, "काकू, तिकडं कोपीवर, आमच्या पाचटाच्या झोपडीत, संध्याकाळी ती दोन डब्यांची झाकणं घेऊन बसायची. मी तिच्या पाठीवर हातानं ठेका धरायचो, ती वाजवायची. चांगलं जमायला लागलं होतं. म्हणायची पाडव्याला गेलो की काकूंना दाखवते." मंग म्हणला, "मी बी ओरडलोच काकू. मला ठाऊक होतं तिला ऐकू येत न्हाई, अन् मी वरून उडी मारायची सोडून ओरडत बसलो. तिच्या नावानं ओरडलो." एवढा उंच माणूस, असा घडी होऊन रडला, हितं, तुझ्या जागेवर. म्हणला, "कुणाला सांगितलं न्हाई ही माझी चूक. तुमच्यासारख्या मोठ्या बाईच्या कानावर घातलं असतं तर तुमी काहीतरी केलं असतं."

अन् माझ्या पाया पडला.

मी पडू दिलं. डोक्यावर हात ठेवला मी त्याच्या. चार साल झाले. तो माणूस अजून मान खाली घालून चालतो गावात, त्याला वाटतं सगळी चूक त्याची हाय. रस्त्यात भेटला की थांबतो, "काकू, बऱ्या हाव ना?" म्हणतो. मी म्हणते, बरी हाय.

न्हाई सांगितलं. भामाबाईला बी न्हाई. तुलाच आज — का सांगितलं कुणास ठाऊक, तू अशी समोर बसलीस अन् तोंडाकडं बघायला लागलीस.

काय म्हणतीस? त्याला सांगा? …सोपं हाय गं तुला म्हणायला. तरणी हाईस.

सांगितलं तर त्याचं ओझं हलकं होईल, म्हणतीस. व्हय, होईल. मला कळत न्हाई का ते? मला तुझ्या आधीपासून कळतंय. मी दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले. दोन्ही खेपेला तो घरात होता. दोन्ही खेपेला त्यानं चहा ठेवला अन् मी चहा पिऊन आले.

नको. आता काही बोलू नको.

त्या बघ, बाया आल्या वाड्याच्या वळणाला, भामाबाईचा आवाज येतोय. ऊठ. न्हाई, टाळ नको, ऊठ तू. आज नको बसू. तुझ्यासमोर मला तोंड उघडता यायचं न्हाई आज. नियम हाय, ठाऊक हाय मला, मीच केलाय. पण आज जा. मागल्या दारानं जा, पिंपळाकडून. रागावू नको माय. पुढच्या बेस्तरवारी ये — आलीस तर ये. जा लवकर. बायांनी विचारलं तर मी सांगते, तुला घरी काम निघालं म्हणून.